गाळलेले दिवस

मोरीतला नळ खाकरला. आधी नुसती हवा, मग दोन-चार थेंब, मग रिकाम्या हंड्याच्या तळावर धार. लॅपटॉपच्या पडद्यावरचे तिघेजण गप्प होते, मीही गप्प होते, आणि त्या शांततेत आमच्या घरी पाणी आलं.

"पानी आला गो," सासूबाई आतून ओरडल्या. लगेच त्यांना आठवलं असावं की माझी मुलाखत चालू आहे, कारण पुढचं काहीतरी त्यांनी तोंडातच ठेवलं आणि हंडा सरकवल्याचा आवाज झाला.

पडद्यावरच्या सत्यवतीबाई वाट बघत होत्या. आखूड कापलेले पांढरे केस, चष्मा कपाळावर चढवलेला. मुलाखत घेणाऱ्या संस्थेतल्या सगळ्यांत मोठ्या शास्त्रज्ञ त्याच, आणि तोवर त्यांनी एवढा एकच प्रश्न विचारला होता. "हे दिवस तुम्ही गाळलेत ना, त्या दिवशी तिथे जाऊन बघितलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"किती लांब आहे ते तुमच्या घरापासून?"

मी खिडकीकडे पाहिलं. मुलाखतीत आवाज नको म्हणून मीच ती घट्ट लावून घेतली होती. उघडी असती तर बांध दिसला असता.

"जवळच आहे," मी म्हटलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन काहीतरी लिहिलं. मग दुसरा माणूस माझ्या कोडिंगची स्तुती करायला लागला. इतकी सुबक मांडणी, इतकं स्वच्छ काम. त्यानं एकेक कौतुक केलं तशी मी खुर्चीत खाली खाली जात गेले.

मी दहाएक वर्षं सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आधी रोज महापेच्या ऑफिसात जायचे, माझी मुलगी केसर झाली तेव्हापासून घरूनच करते. पेणच्या खारेपाटात, आमच्या या खोलीत, एका बाजूला तांदळाच्या कणग्या आणि दुसऱ्या बाजूला माझं टेबल. काय करते, असं कुणी विचारलं तर मी सांगते, तुम्ही पासवर्ड विसरलात की निळं बटण दाबता ना, त्याच्या मागे मी असते. लोक हसतात. मीही हसते. खरंही आहे ते. काम वाईट नाही, पगार वेळेवर होतो. पण त्या बटणाला कधी कसला प्रश्न पडत नाही. कुणीतरी सांगतं की हे असं हवं, मी ते तसं करते, आणि झालं की दुसरं कुणीतरी सांगतं.

मला स्वतःला काहीतरी विचारायचं होतं. हे सांगताना आजही जरा लाजल्यासारखं होतं, मोठेपणा केल्यासारखं. किनाऱ्यावरच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेची जाहिरात आली आणि त्यात लिहिलं होतं की रिसर्च सायंटिस्टच्या एका जागेसाठी यंदा डॉक्टरेट नसलेले लोकही चालतील, कामाचा पुरावा हवा, तेव्हा मी ती जाहिरात केसरला भरवता भरवता इतक्यांदा वाचली की तिनं घास तोंडात धरून विचारलं, "आई, गोष्ट आहे?"

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या वाल सोलत होत्या.

"सायंटिस म्हंजे ते पांढरा कोट घालतात ते?"

"तसले नाही आई. घरूनच करायचं बरंचसं. महिन्यातून थोडे दिवस पुण्याला जायचं."

"मंग घरीच कोट घालून बसशील काय? शेजारनी बोलतील येसूबायची सून डाक्टर जाली. इंजिक्शन मारून घ्यायला येतील." मग हसू ओसरल्यावर, वालाची साल बोटांत धरून, त्या म्हणाल्या, "जा. पोर हाय माज्याजवल. पन ते आताचा काम काय वाईट हाय?"

वाईट नाही, हे मी त्यांना परत सांगितलं. नवऱ्याला, परेशला, काही सांगावं लागलं नाही. त्याचे दोन टेम्पो बंदरातून माल वाहतात, त्याच्या डोक्यात वडखळचा नाका आणि डिझेल. तो म्हणाला, "तुला पाहिजे ना? मग विषय संपला."

संस्थेची माणसं निवडायची पद्धत साधी होती. तुमच्या आसपासचं काहीही घ्या, त्याला एक प्रश्न विचारा, पंधरवड्यात जे हाती लागेल ते घेऊन या.

माझ्याजवळ पाणी होतं. आमचं गाव आणि धरमतरची खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध आहे. बांधाला एका ठिकाणी लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार लागतं. ओहोटी झाली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून ही सगळी रचना, कुणी किती वर्षांपूर्वी केली माहीत नाही. आदल्या वर्षी मी हौसेनं पाण्याची उंची मोजणारा एक सेन्सर मागवला होता. परेशनं मांडीभर चिखलात उतरून, मला मनसोक्त शिव्या घालत, उघाडीपाशी बांबू रोवला आणि त्यावर तो बांधून दिला. तेव्हापासून तो बिचारा इमानानं आकडे पाठवत होता आणि मी ते साठवत होते, का ते माहीत नसताना. आता कळलं की याचसाठी.

भरती-ओहोटीच्या वेळा आधीच माहीत असतात. त्यावरून उघाडीपाशी पाणी किती चढेल आणि कसं उतरेल हे आधी सांगता येईल का, असा माझा प्रश्न होता. ऑफिसचं काम आटोपून, केसर दुपारची झोपली की मी ते आकडे उघडून बसायचे. तिचे पाय माझ्या मांडीवर, लॅपटॉप एका बाजूला वाकडा ठेवलेला.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच ते दिसलं. पडद्यावर पाण्याची रेघ चढायची, माथ्यावर जायची, मग उतरायला लागायची, जशी उतरावी तशी. आणि कधी कधी उतरता उतरता मध्येच थांबायची. सपाट. जरा वेळ तशीच राहायची आणि मग पुन्हा उतरायची. रोज नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातही रोज नाही. कधीतरीच, आणि कधी याचा काही मेळ लागेना.

माझा हात थांबला. केसरच्या तळव्यावरची माशीही हाकलायचं सुचलं नाही. कुणीतरी आपल्याशी बोलत असावं आणि बोलता बोलता काहीतरी आठवून गप्प व्हावं, तसं ते होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला असं कधी झालं नव्हतं. त्या दुपारी मी इतकी खूष होते की केसर उठल्यावर तिला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "बघ, पाणी इथे थांबलं."

"का?"

"माहीत नाही."

"आपण जाऊन बघूया?"

"बघूया हं."

ती चपला घालून दारात उभी राहिली. मला वाटलं होतं की बघूया म्हणजे कधीतरी. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मी खिडकी लावली, तिला मोबाईलवर हत्तीची गोष्ट लावून दिली आणि ती चपला पायात तशाच ठेवून कॉटवर बसली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. नंतर तिनं विचारणं सोडलं असावं, मला नेमकं आठवत नाही. पोरं विचारायची थांबतात तो दिवस लक्षात राहत नाही.

मग पंधरवडा संपत आला आणि हाताला लागलेली सवय पुढे आली. काम द्यायचं म्हणजे चालणारं द्यायचं. जे बसत नाही ते समोरच्याला दिसू द्यायचं नाही, हे मी इतकी वर्षं रोज केलं आहे आणि त्याचे मला पैसे मिळाले आहेत. माझा अंदाज बाकी दिवशी छान जुळत होता, फक्त ते थांबलेले दिवस सगळं बिघडवत होते. मी स्वतःला सांगितलं, सेन्सरवर चिखल उडाला असेल. एखादा ओंडका येऊन अडकला असेल. बगळा बसला असेल. पाणी मध्येच थांबलं तो दिवस वगळायचा, अशी कोडची एक ओळ लिहिली आणि ते सगळे दिवस गेले. आलेख असा काही देखणा झाला की परेश टॉवेलनं डोकं पुसत मागे येऊन उभा राहिला.

"मस्त दिसतंय. कशाचं हाय?"

"आपल्या उघाडीचं."

"आपली उघाडी एवढी चिकनी?" तो म्हणाला आणि जेवायला गेला.

तो चिकना आलेख मी कोडसकट पाठवला, आणि सत्यवतीबाईंनी तो बाजूला सारून त्या एका ओळीनं गाळलेले दिवस विचारले. मुलाखतीची गोष्ट एवढीच.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. मी केसरला आमटी-भात भरवत होते. फोन खांद्यावर धरला, एका हातात ताट.

"मृणाली, तुमच्यासाठी आमच्याकडे जागा आहे," त्या म्हणाल्या. माझा घास हातातच राहिला. "सॉफ्टवेअर इंजिनियरची. आमच्या शास्त्रज्ञांचा डेटा साफ करून द्यायला आम्हाला तुमच्यासारखं माणूस हवंच आहे."

"आणि ती दुसरी जागा?"

"तुमचा अंदाज बरोबर आहे हो. पण भरतीला पाणी चढतं आणि ओहोटीला उतरतं, हे आम्हाला माहीत होतं. मला ते दिवस हवे होते. तुम्ही रिकाम्या हातानं आला असतात आणि नुसतं म्हणाला असतात की पाणी इथे थांबतं आणि का ते मला कळत नाही, तर मी बाकीच्यांशी भांडले असते तुमच्यासाठी."

केसरनं आ केला, मी घास दिला.

"निर्णय या महिनाअखेरीला आहे," त्या म्हणाल्या. "उधाण आहे ना आता? जा की उघाडीवर. उभं राहून बघा काय होतं. जे दिसेल ते मला लिहा, अर्धं पान पुरे. मग मी पुन्हा बोलून बघते."

फोन ठेवला तेव्हा माझा चेहरा काहीतरी वेगळा झाला असावा, कारण सासूबाई दारातून म्हणाल्या, "काय गो, भेटला काय काम?"

"अजून नाही. भेटेल बहुतेक."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. भरती ऐन दुपारची, म्हणजे जेवणं आटोपली की ओहोटी लागणार. मी ऑफिसला अर्धा दिवस सुटी टाकली. केसरला टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली. चल, उघाडीवर जायचं, म्हटल्यावर तिनं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. मग पळत जाऊन चपला घेऊन आली.

बांधावरून चालताना ती पुढे आणि मी मागे. एका हाताला उन्हाळ्यातली रिकामी शेतं, भेगाळलेली, दुसऱ्या हाताला तिवरं आणि त्यांच्या पायात चढलेलं पाणी. केसर प्रत्येक खेकड्याच्या बिळाशी थांबत होती आणि आत वाकून "कोन हाय?" असं आजीच्या आवाजात विचारत होती. मला फार हलकं वाटत होतं. मनात मी ते अर्धं पान लिहायलाही लागले होते. उघाडीच्या जवळ आल्यावर केसर म्हणाली, "आई, हे सिमेंटचं काय आहे?"

मी वर पाहिलं.

उघाडी नव्हती. म्हणजे जागा तीच होती, पण तिथे काँक्रीटची नवीकोरी चौकट होती आणि त्यात लोखंडी झडप, अजून रंगाचा वास येणारी. दोन्ही बाजूंचा बांध नव्या मातीनं बुजवलेला, त्यावर जेसीबीच्या चाकांचे ठसे. बाहेरचा नाला उपसून पार रुंद केला होता आणि काढलेला काळा गाळ कडेला वाळत पडला होता. लाकडी दार नाही. माझा बांबूही नाही.

मी परेशला फोन लावला.

"परेश, उघाडीचं दार कुठे गेलं?"

"कुठलं दार?"

"जुनं. लाकडाचं."

"ते काढलं ना. तुला बोललो मी."

"कधी?"

"अगं जेवताना. बोललो, काँट्रॅक्टरचा फोन आलेला, तुमचा बांबू काढून न्या नायतर जेसीबीखाली जाईल. म्हणून मी काढून आणला. तू हं बोललीस."

"मी काय करत होते?"

"तू काय करत असतेस? लॅपटॉपमध्ये डोकं. ते तुझं पाठवायचं होतं ना, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, ऑफिसचं राहिलेलं काढून बसलेलीस." मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. "आठवडाभर घर्र घर्र चाललेली मशीन, तू तर खिडकी लावून घ्यायचीस."

"दाराचं लाकूड?"

"ते कोनीतरी नेलं असेल चुलीला. का गं? सेन्सरचं टेन्शन घेऊ नको, तो नीट हाय. मी पुसून, पिशवीत घालून माळ्यावर ठेवलाय." मग त्याचा आवाज खाली आला. "मृणाली? काय झालं?"

"काही नाही. संध्याकाळी बोलू."

आम्ही दोघी बांधावर बसलो. आलोच आहोत तर बघावं, असं मनाशी म्हटलं, पण मला माहीत होतं. त्या पंधरवड्यात, मी मांडीवर तिचे पाय घेऊन रेघा बघत होते तेव्हा, ते जुनं दार इथेच होतं. नाला अरुंद होता, तळात गाळ होता. त्यातलं कोण त्या पाण्याला थोपवत होतं, दार, गाळ, वाकडं वळण, की चौथंच काही, हे तेव्हा इथे येऊन उभं राहिलं असतं तर कदाचित दिसलं असतं. दिसलं नसतं तरी मी काय बघितलं ते सांगता आलं असतं. आता माझ्याकडे आकडे आहेत, ते कुठे गेले नाहीत. मी ते सत्यवतीबाईंना पाठवीन, त्या कुणाला तरी देतील, तो हुशार माणूस त्यांच्याशी झटेल आणि शेवटी विचारेल की त्या वेळी तिथे कुणी होतं का.

पाणी उतरायला लागलं. काँक्रीटवर ओली कड दिसायला लागली, आधी बोटभर, मग वीतभर. मी त्या कडेकडे डोळे लावून बसले होते. एकदा तरी थांबेल, असं उगीच वाटत होतं. ते कुठे थांबलं नाही. रुंद, साफ नाल्यातून ते सरळ, एकसारखं खाडीकडे गेलं, मी काढलेल्या त्या देखण्या रेघेसारखं. माझा आलेख आज कसा अगदी बरोबर होता.

मग मी मनात पान लिहायची थांबले. काय लिहिणार. बघायला गेले होते, उशीर झाला. एवढ्यावर कुणी कुणासाठी भांडत नाही. इंजिनियरची जागा घ्यायची तर महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे. दुसऱ्यांच्या प्रश्नांचा डेटा मी साफ करून देईन आणि ते काम मी चांगलं करीन, हेही मला माहीत आहे.

केसर माझ्या कुशीत सरकली. उन्हानं तिचे गाल लाल झाले होते. टोपी काढून तिनं ती माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ खालच्या पाण्याकडे बघत राहिली, मी बघत होते तशीच, भुवया आवळून.

"थांबलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तू दाखवलंस तेव्हा थांबलं होतं."

"हो. तेव्हा थांबलं होतं."

तिनं थोडा विचार केला. मी तिच्या केसांतली माती झाडत होते. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, कुणी ऐकू नये असं, विचारलं, "आई, आपण तर इथे नव्हतो. मग ते कोणासाठी थांबायचं?"